जिम्नीसारख्या छोट्या फोर बाय फोरला टायर घेताय? या चुका टाळा

पाऊस लागला की नाशिकच्या टायरच्या दुकानांसमोर जिम्नी आणि जुन्या जिप्सी दिसायला लागतात. मागणी बहुतेकांची सारखीच: मोठा टायर, जाड नक्षी. शनिवारी भावली धरणावर किंवा हरिहरच्या पायथ्याला जायचं असतं. सोमवारपासून मात्र तीच गाडी मुंबई नाका ते अंबड अशी ऑफिसला जाते. टायर निवडताना आधी हा सोमवार ते शुक्रवारचा हिशेब मांडायला हवा.

चिखलाचा टायर डांबरावर

एमटी म्हणजे मड टेरेन टायर. त्याच्या नक्षीचे ठोकळे मोठे आणि मधल्या खाचा रुंद असतात. चाक फिरताना खाचांतला चिखल बाहेर फेकला जातो आणि टायरला पुन्हा पकड मिळते. ओल्या डांबरावर हाच गुण उलटा पडतो. रस्त्याला टेकणारं रबर कमी असतं, मोठे ठोकळे वळणावर वाकतात, ब्रेक मारल्यावर गाडी उशिरा थांबते. कसारा घाटात धुकं आहे, पुढे कंटेनर आहे, रस्ता तेलकट झालाय, अशा वेळी लवकर थांबणारा टायरच हवा.

आपल्याकडचा पाऊसही जागोजागी वेगळा. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर, तर पाऊण-एक तासावरच्या इगतपुरीत ३००० मिलिमीटरच्या पुढे. महिन्यातून एकदोनदा कच्च्या रस्त्यावर जात असाल तर एटी, म्हणजे ऑल टेरेन टायर पुरतो. वर्षातून दोनदाच जात असाल तर कंपनीने दिलेला एचटी, म्हणजे डांबरी रस्त्याचा हायवे टेरेन टायरच ठेवा, त्यात काही कमीपणा नाही. एमटी त्यांनी घ्यावा, ज्यांचं शेत किंवा रोजचं काम खरोखर हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या चिखलवाटांवर आहे.

"सगळे हाच साइज टाकतात"

हे वाक्य ऐकून मीही एका दुकानात २३५/७५ आर१५ (रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची त्याच्या ७५ टक्के, रिम १५ इंची) टाकून घेतले होते. भारतातल्या जिम्नीचा मूळ साइज १९५/८० आर१५. त्याचा व्यास ६९३ मिलिमीटर येतो, २३५ चा ७३३. म्हणजे जवळजवळ सहा टक्के फरक. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आतून घासायचा. दीड लिटरच्या इंजिनाला जड चाक ओढताना घाटात सारखा खालचा गिअर लागायचा. स्पीडोमीटरचा काटा पूर्वीच्याच आकड्यावर असला तरी गाडी सहा टक्के जास्त वेगाने पळत असते. समृद्धीवर १२० च्या मर्यादेजवळ हे लक्षात ठेवावं लागतं. शिवाय मूळ रिम साडेपाच इंच रुंद आणि २३५ ला किमान सहा इंची रिम लागते. अरुंद रिमवर टायर मध्ये फुगतो आणि मधलीच नक्षी आधी झिजते.

मोठा टायर हवाच असेल तर २१५/७५ आर१५ वर थांबा. व्यास ७०३ मिलिमीटर, फरक दीड टक्का, आणि मूळ रिमवर तो बसतो. खडकावर अडकणाऱ्या गाडीला यातून किती उंची मिळते तेही बघा: व्यासाच्या फरकाच्या निम्मी, म्हणजे पाच मिलिमीटर. एवढ्यासाठी टायर बदलण्यापेक्षा दगड चुकवून चाक टाकायला शिकलेलं बरं.

टायरवर साइजनंतर ९६ एस असं काही लिहिलेलं असतं, तेही वाचा. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो भार, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. उलट टोकाचीही चूक होते. मालवाहू गाड्यांसाठीचे जाड थरांचे एलटी टायर जिम्नीला लावले जातात. गाडीचं वजन जेमतेम बाराशे किलो, त्यामुळे टायर दबतच नाही आणि खड्ड्यांत पाठ बोलायला लागते.

दोनच टायर बदलणे

साध्या गाडीत चालणारी ही काटकसर इथे महागात पडते. जिम्नी आणि जिप्सीत ४एच, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा गिअर लावला की पुढचा आणि मागचा आस (अ‍ॅक्सल) एकत्र बांधले जातात, दोन्हींना सारखेच फेरे घ्यावे लागतात. पुढे नवे आणि मागे सहा मिलिमीटर झिजलेले टायर असतील तर मागच्या चाकांना किलोमीटरमागे आठेक फेरे जास्त हवे असतात. चिखलात चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं. पक्क्या जमिनीवर तो ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही आसांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर येतो. चारही टायर एकाच साइजचे, एकाच कंपनीचे, एकाच वेळी घ्या. दर आठ-दहा हजार किलोमीटरला स्टेपनीसकट पाचही चाकांची जागा बदलत राहा, म्हणजे स्टेपनीही त्याच मापात झिजते.

टायर सारखे असूनही वळणावर गाडी आखडते, धक्के देते? कोरड्या डांबरावर ४एच राहिलं असेल. २एच करा, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना जाते.

थरथर आली की लगेच बॅलन्सिंग?

त्र्यंबककडच्या भातखाचरांजवळून किंवा निफाडच्या काळ्या मातीतून आल्यावर ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. गाडी सरळ बॅलन्सिंगला जाते, पैसे जातात, आणि चार दिवसांनी थरथर परत येते. कारण असतो रिमच्या आतल्या बाजूला वाळून बसलेला चिखल. मूठभर माती एका बाजूला चिकटली तरी पुरते, कारण या गाड्यांचे आस सलग लोखंडी असतात आणि चाकाचा झोल थेट स्टिअरिंगपर्यंत पोचतो. आधी रिम आतून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मगच बॅलन्सिंग. तरीही थांबलं नाही तर बेअरिंग आणि स्टिअरिंगचे जोड तपासून घ्या.

बाकी झीज स्वतःच बोलते. मध्ये झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, एकच कड झिजली तर अलाइनमेंट. हवा सकाळी, टायर थंड असताना, दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. घाट चढून आल्यावर दाब जास्त दिसतो म्हणून हवा काढू नका.

जुना माल आणि कापलेली बाजू

पैसे देण्याआधी टायरच्या बाजूवरचे चार आकडे बघा. १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडलेला टायर सवलतीत मिळाला तरी नको, रबर तेवढं म्हातारं झालेलं असतं.

सह्याद्रीचा बेसॉल्ट धारदार फुटतो आणि टायर कापतो तो बहुतेकदा बाजूला. पंक्चरवाला तिथेही पट्टी किंवा मशरूम (आतून बसवायचं छत्रीसारखं रबरी ठिगळ) लावून देईल, पण टायरची बाजू धावताना सतत वाकते आणि ती दुरुस्ती टिकत नाही. तो टायर बदलायचाच. वैतरणेच्या बाजूला निघण्यापूर्वी स्टेपनीत हवा आहे ना आणि जॅक मोठ्या टायरलाही पुरेसा वर जातो ना, हे घरच्या अंगणात एकदा करून बघा.