ग्रास कटरचा शाफ्ट तुटला, घरीच बदलला

इंजिन मस्त चालू, रेस दिली की आवाज पण नेहमीसारखा, पण खाली गवत कापणाऱ्या दोरीचं हेड ढिम्म हलेना. आधी वाटलं क्लच (रेस दिली की इंजिनची फिरकी खाली सोडणारा भाग) गेला, तो उघडून बसलो उगाच, पण क्लच ठणठणीत होता. मग स्पार्क प्लगची कॅप काढून ठेवली, म्हणजे इंजिन चुकून चालू होणार नाही (हे आधी करा, विसरू नका) आणि हेड हाताने फिरवून बघितलं तर ते मोकळंच फिरत होतं, वर क्लचचा ड्रम जागचा हलत नव्हता, म्हणजे क्लचपासून हेडपर्यंत फिरकी नेणारा मधला शाफ्टच तुटलेला.

माझ्या मशीनचा पाइप वाकडा आहे त्यामुळे आत वायरसारखा पिळाचा लवचिक शाफ्ट असतो, सरळ पाइपवाल्यात बहुतेक वेळा ताठ दांडा असतो. पाइपचे क्लॅम्पचे स्क्रू ढिले केले, एक तुकडा लगेच आला, दुसरा आत अडकला, तो लांब पकडीने कसाबसा ओढला. तुकडा कोरडा ठाक! ग्रीस कधी लावलंच नव्हतं, चूक माझीच.

नवीन घेताना दोन्ही तुकडे जोडून लांबी मोजा आणि टोक चौकोनी की दातेरी ते बघा, थोडासा फरक असला तरी बसत नाही. पूर्ण शाफ्टला ग्रीस चोपडून आत सरकवला, शेवटचा थोडा भाग जाईना म्हणून हेड हळूहळू फिरवत दाबलं तेव्हा खट्कन बसला. ठोकू मात्र नका. आता दोरी फिरतेय, थरथर पण कमी झालीय.