समुद्रकाठी तंबूत राहायला जाताय? या चुका टाळा

दर उन्हाळ्यात बे एरियातलं (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचं) कोणीतरी विचारतं, "बीचवर तर जातोय, गरम कपडे कशाला?" कॅलिफोर्निया म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऊन येतं. पण उत्तरेकडच्या किनाऱ्यालगत समुद्रातलं खोलवरचं गार पाणी वर येत राहतं, त्यावरची दमट हवा गारठते आणि धुकं धरतं. आतला मुलूख जितका तापेल तितकं ते धुकं किनाऱ्याकडे ओढलं जातं. म्हणून बे एरियातल्या फ्रीमाँटला ३५ अंश असताना फोर्ट ब्रॅगजवळच्या मॅकेरिकर स्टेट पार्कात भर दुपारी स्वेटर लागतो.

एका ऑगस्टमध्ये आम्ही तीन कुटुंबं तिथे गेलो. एका मित्राने आदल्या दिवशी तंबू आणि हवेची मोठी गादी विकत आणली होती. सोबत पांघरायला दोन चादरी. रात्री गारठा वाढला तशी त्याने तंबूची एकूण एक खिडकी बंद केली. पहाटे छतावरून थेंब ठिबकत होते, चादरी ओलसर झाल्या होत्या आणि त्याची सहा वर्षांची मुलगी हुडहुडी भरून रडत होती. तिला माझ्या गोधडीत गुंडाळून गाडीत बसवलं, तेव्हा कुठे ती शांत झाली.

चुका दोन होत्या. हवेच्या गादीतली हवा आत खेळत राहते आणि अंगाची ऊब जमिनीला देऊन टाकते. आणि बंद तंबूत आपल्याच श्वासाची वाफ कापडावर जमून पाणी होते. मी गादीवर फोमची चटई घालतो, तिच्यावर आईने शिवलेली गोधडी. वरची झडप कितीही थंडी असली तरी उघडी. लोकरी मोज्यांचा एक जोड फक्त झोपताना घालायचा, दिवसा त्याला हात लावायचा नाही. आणि नवा तंबू आधी घरच्या अंगणात एकदा उभारून बघा. एवढाही धीर नसेल तर हॉटेलात राहा, मी मनापासून सांगतोय.

आणखी एक चूक पाहिली की माझा जीव खालीवर होतो: निखाऱ्यांवर वाळू लोटून झोपायला जाणं. वाळूखाली निखारा विझत नाही, तासन् तास धगधगत राहतो. वरून काही दिसत नाही आणि सकाळी पोरं अनवाणी धावतात. पाणी ओता, काठीने राख कालवा, पुन्हा पाणी ओता. राखेजवळ हाताची मागची बाजू नेऊन ऊब लागली नाही की मगच उठा.

सरपण घरून नेऊ नका, त्यातून झाडांचे किडे आणि रोग पसरतात. तिथेच विकत घ्या.

तंबूच्या जागा सहा महिने आधी, सकाळी ८ वाजता बुकिंगसाठी खुल्या होतात.

खाणं तंबूत ठेवू नका, रकून चेन उघडतात.

तिकडे जाणाऱ्या १२८ नंबरच्या रस्त्याच्या वळणांवर मुलांना उलट्या होतात, त्यामुळे आलेपाक जवळ ठेवा आणि उजेडी पोचा.

समुद्राकडे पाठ करून कधीही उभं राहू नका, शांत दिसणाऱ्या पाण्यातून अचानक मोठी लाट येते.

आणि शनिवारी ग्लास बीच, मेंडोसिनो गाव, आगगाडीची फेरी असं आजूबाजूचं सगळं उरकायला पळू नका. सकाळी चहाचा थर्मास घेऊन पार्कातल्याच लगुना पॉइंटच्या लाकडी वाटेने टोकापर्यंत चालत जा. खडकांवर सील पहुडलेले असतात. दुर्बीण न्या आणि तासभर बसा.