'माझ्याकडे चालतंय' : बग कळवायला मी कसा शिकलो

हिंजवडीत टेस्टर म्हणून लागून तीन आठवडे झाले होते. आमच्या ॲपमध्ये गावाचं नाव टाकून शाखा शोधायची सोय होती. मी 'कऱ्हाड' टाकलं, शाखा काही येईना. लगेच तिकीट, म्हणजे बगची (ॲपमधल्या चुकीची) लेखी नोंद, ठोकलं : 'मराठी सर्च चालत नाही!!! अर्जंट'. खाली एक ओळ : 'एवढं तरी तपासायला हवं होतं.' सोबत स्क्रीनशॉट, प्रायॉरिटी सगळ्यात वरची.

तासाभरात तिकीट परत. कोड लिहिणाऱ्या डेव्हलपरचा शेरा एवढाच : 'माझ्याकडे चालतंय.'

मला वाटलं, हा माणूस काम टाळतोय. दुपारी टपरीवर चहा घेताना तोच म्हणाला, "अरे, पुणे, सातारा, सांगली सगळं येतंय. मराठी चालत नाही म्हणजे नक्की काय? तू टाईप केलेलं जसंच्या तसं कॉपी करून पाठव. फोटो नको."

पाठवलं, आणि दहा मिनिटांत उलगडा झाला. 'ऱ्ह'मधला तो आडवा र यूनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) दोन पद्धतींनी लिहिता येतो : एकतर नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही 'कऱ्हाड' अगदी सारखेच, पण आत एकात ६ चिन्हं, दुसऱ्यात ७. शाखांची यादी एका पद्धतीने भरलेली, माझा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचा. स्क्रीनशॉटमध्ये हे दिसणार कसं? डेव्हलपर त्याच्या कीबोर्डवर टाईप करून बघत होता, म्हणून त्याच्याकडे खरंच चालत होतं.

तेव्हापासून तिकीट लिहिताना मी आधी स्वतःला विचारतो : समोरच्याला हे त्याच्या टेबलावर बसून घडवून बघता येईल का? कुठून सुरुवात केली, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. ॲपची आवृत्ती, फोन, अँड्रॉइड की आयफोन, मराठी असेल तर कीबोर्डही. मजकूर आणि एरर मेसेज अक्षरांत चिकटवायचे; मांडणी बिघडली असेल तर स्क्रीनशॉट हवाच. दर वेळी होतं की पाचातून एकदा, हेही लिहायचं. 'कधीकधी होतं' या वाक्यावर डेव्हलपरचा अख्खा दिवस जातो.

शीर्षकाला मी हल्ली जास्त वेळ देतो. 'कऱ्हाड शोधल्यावर शाखा दिसत नाही, सातारा दिसतं' एवढं असतं तर तो चहा फक्त चहाच राहिला असता. शिवाय असंच तिकीट आधी कुणी टाकलंय का, हे शोधायला नीट शीर्षक लागतं. आधीचं सापडलं तर त्यातच आपली भर घालायची. एका तिकिटात तीन बग कोंबू नयेत. दोन सुटतात, तिसरा लोंबकळतो आणि तिकीट बंद करायचं की नाही यावर मीटिंग होते.

टोमणा मारायचा मोह पुण्यात जरा जास्तच होतो, पण तो पाटीवर शोभतो. 'तुझ्या कोडमुळे' असं तर कधीच लिहू नये. कारण आपल्याला माहीत नसतं. अंदाज असेल तर 'माझा अंदाज' म्हणून वेगळा लिहावा. गांभीर्य आणि घाई यांतही गल्लत करू नका. मुख्य पानावर कंपनीचं नाव चुकलं तर कुणाचं काम अडत नाही, पण दुरुस्ती आजच हवी. एरवी सगळंच अर्जंट म्हणणाऱ्याचं अर्जंट कुणी वाचत नाही.

ग्राहकाचा खरा मोबाईल नंबर, पॅन वगैरे स्क्रीनशॉटमध्ये झाकायचं. दुसऱ्याच्या खात्यात शिरता येतंय असलं काही सापडलं, तर सगळ्यांना दिसणाऱ्या तिकिटात किंवा ग्रुपवर टाकू नका. सुरक्षेचं काम बघणाऱ्याला एकट्याला गाठा. आणि रात्री अकराला 'बघितलंस का?' असा व्हॉट्सॲप नको. सगळं बंदच पडलं असेल, तर थेट फोन.

दुरुस्ती आल्यावर त्याच पायऱ्यांनी पुन्हा तपासून तिकीट आपणच बंद करायचं. माझं ते पहिलं तिकीट मी दोन्ही पद्धतींचे 'कऱ्हाड' टाकून बंद केलं, आणि त्याआधी ती एक ओळ खोडली.