आरसी गाडी पुढं ढकलत असेल तर आधी टायर बघा, मग पाना उचला

माझं कोल्हापुरात टायर आणि अलाइनमेंटचं दुकान आहे. आठवडाभर खऱ्या गाड्यांची चाकं सरळ करायची आणि रविवारी सकाळी शिरोली एमआयडीसीत ओळखीच्या एका कारखान्याच्या आवारात भाच्याबरोबर एक दशांश मापाच्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, गाड्या पळवायच्या, असा पाच-सहा वर्षांचा क्रम आहे. दुकानात गिऱ्हाईक येतं ते म्हणतच येतं, "गाडी डावीकडं ओढतीय, अलाइनमेंट करा." मी आधी हवा बघतो, टायरवरून हात फिरवतो, चाक धरून प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघतो. मशीनवर गाडी सगळ्यात शेवटी जाते. आरसीतही क्रम हाच ठेवायचा. तो मी एकदा मोडला आणि अख्खी सकाळ घालवली.

भाच्याची टीटी-०२ (टामियाची, डब्यात सुटे भाग येणारी, घरी जोडायची गाडी) डाव्या वळणात नुसती पुढं ढकलत होती. "मामा, स्टिअरिंग पूर्ण दिलंय, तरी भिंतीकडंच जातीय." मी स्प्रिंग मऊ केल्या. टो बदलला. कॅस्टर बदलला. हे दोन्ही चाकांचे कोन, पुढं सांगतो. तीन तास गेले, दोन बॅटऱ्या संपल्या. शेवटी चहा पिता पिता सहज पुढचं उजवं चाक दाबलं, तर टायरची आतली कड रिमपासून सुटलेली. गाडी डावीकडं वळताना सगळा भार उजव्या पुढच्या चाकावर येतो, तेव्हा टायर रिमवर सरकायचा. गाडी थांबली की परत जागेवर. उजव्या वळणात गाडी ठीक होती. खूण तीच होती, आणि ती मलाच दिसली नाही.

खाली दिलेले आकडे रबरी टायरवर, डांबरावर किंवा काँक्रीटवर पळणाऱ्या चारचाकी ड्राइव्हच्या टूरिंग गाडीचे आहेत. बग्गीला, म्हणजे मातीवर पळणाऱ्या गाडीला, लावू नका, तिचं गणित वेगळं.

पाना उचलण्याआधी

पुढचे दोन्ही शॉकअप खालून सोडा आणि लोअर आर्म, म्हणजे चाक धरणारा खालचा दांडा, हातानं वर करून सोडून द्या. तो स्वतःच्या वजनानं खाली पडला पाहिजे. अडखळत असेल तर पिन काढून पुसा, भोकातली माती काढा. आर्म जाम असताना स्प्रिंग बदलणं म्हणजे गंजलेल्या बिजागरीच्या दाराला नवीन कडी लावण्यासारखं आहे. मग चाक धरून हलवा. टीटी-०२ च्या स्टिअरिंगला नव्या डब्यातही थोडा प्ले असतो. पातळ शिम (चकती) घालून तो कमी करा, पण इतकाही नको की सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी मोटर, मधल्या जागेवर परत येणार नाही. डब्यात प्लास्टिकचे बुश आले असतील तर ते पहिल्या दिवशीच काढा आणि बॉल बेअरिंग बसवा. चाकाच्या नकलला, म्हणजे चाकाचा आस धरणाऱ्या तुकड्याला, ११ बाय ५ बाय ४ मिलिमीटरचं लागतं.

आता गाडी सपाट काचेवर ठेवा. काचवाल्याकडून ८ मिलिमीटर जाडीचा दीड बाय दोन फुटांचा तुकडा आणा, कडा घासून घ्या. पुढच्या बाजूला चेसिसच्या बरोबर मध्ये सुरीचं टोक घालून हळू उचला. दोन्ही पुढची चाकं एकदम सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं तर गाडीत पीळ आहे किंवा वजन एका अंगाला आहे. वजनासाठी आमच्याकडं फुकटचा उपाय आहे: रिम बॅलन्सिंगची ५ ग्रॅमची चिकटणारी वजनं हलक्या बाजूला लावायची. तुमच्या टायरवाल्याकडं मागा, चार-पाच सहज देईल.

टायर

सगळ्यात जास्त फरक इथं पडतो आणि सगळ्यात जास्त आळसही इथंच होतो.

डब्यातले नक्षीचे टायर कडक असतात. धुळकट काँक्रीटवर शिकायला ते चांगले, कारण लवकर झिजत नाहीत आणि गाडी घसरते ती हळू, सांगून घसरते. शर्यतीसाठी मात्र गुळगुळीत स्लिक हवेत. सोरेक्ससारख्या कंपनीच्या टायरवर २८, ३२, ३६, ४० असे आकडे असतात. आकडा लहान म्हणजे रबर मऊ, थंड रस्त्यासाठी. मोठा म्हणजे कडक, तापलेल्या रस्त्यासाठी. हवेचं तापमान बघून टायर निवडू नका, रस्त्याचं बघा. माझ्याकडं दुकानातली लेझरची तापमापी आहे. जानेवारीत सकाळी साडेसातला आवारातलं डांबर १८ अंश असतं, एप्रिलमध्ये दुपारी एकला मी ५४ मोजलंय. पहिल्या वेळी ३६ चा टायर काचेवर चालल्यासारखा घसरतो, दुसऱ्या वेळी २८ चा टायर पाच मिनिटांत चिकट होऊन गुठळ्या सोडतो. एकच सेट परवडणार असेल तर आपल्याकडं ३६ घ्या आणि थंडीत पहिल्या दोन फेऱ्या जपून मारा.

टायर चिकटवण्याबद्दल. नव्या टायरच्या कडांना साच्यातला तेलकट थर असतो. तो काढल्याशिवाय फेविक्विक धरत नाही. माझा सुटलेला टायर याच आळसाचा होता. टायरची कड आणि रिमची खाच स्पिरिटनं पुसा, वाळू द्या. आत स्पंज नीट बसलाय का बघा, कुठं दुमडला असेल तर चाक उड्या मारतं. रिमला भोक नसेल तर दोन मिलिमीटरची दोन भोकं समोरासमोर पाडा, आतली हवा निघायला वाट हवी. मग कड थोडी उघडून एकेक थेंब, चार ठिकाणी. धरलं की उरलेली कड भरा. बाहेरची बाजू झाली की चाक उलटवून आतली. रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी अंगठ्यानं सगळीकडून कड ओढून बघा, आणि हे प्रत्येक रविवारी करा.

चिकटवायच्या बाटलीचा आणखी एक उपयोग. ग्रिप फार वाढली की गाडी वळणात घसरण्याऐवजी बाहेरच्या चाकावर उलटते. अशा वेळी पुढच्या टायरच्या बाहेरच्या भिंतीवर फेविक्विकचा पातळ थर फिरवायचा. तेवढा भाग कडक होतो, जमीन धरत नाही, गाडी उलटायची थांबते. पुढची ग्रिप मात्र थोडी कमी होते, हे लक्षात ठेवून करा.

टायरला लावायचं ग्रिपचं औषध मिळतं. पळवण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावायचं आणि पुसून टाकायचं. गाडी फार चपळ वाटली तर मागच्या टायरला पूर्ण आणि पुढच्याला फक्त आतल्या अर्ध्या भागावर लावा. पेट्रोल किंवा थिनर लावू नका. भाच्यानं एकदा लावलं होतं. टायर फुगला, मग सुकून कडक झाला आणि कचऱ्यात गेला.

उंची आणि झोल

टायर बसले, आता सस्पेन्शन. बॅटरी आणि बॉडी लावून गाडी काचेवर ठेवा, दाबून सोडा, आणि पुढच्या चेसिसखाली ६ मिलिमीटर ड्रिलचा दांडा सरकवा. हलका घासून गेला पाहिजे. गुळगुळीत डांबरावर साडेपाचपर्यंत जाता येतं. आमच्या आवारात काँक्रीटचे सांधे आहेत म्हणून आम्ही सहाच्या खाली जात नाही. पुढं-मागं सारखी उंची ठेवून सुरुवात करा. पुढची बाजू अर्धा मिलिमीटर खाली घेतली तर गाडी जास्त वळते.

उंचीनंतर झोल, म्हणजे ड्रूप. गाडी उचलताना चाक जमीन सोडेपर्यंत चेसिस किती वर येतं ते. पुढं दोन, मागं तीन मिलिमीटरपासून सुरू करा. पुढचा झोल कमी केला की ॲक्सिलरेटर दाबल्यावर नाक कमी उचलतं आणि वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग हातात राहतं. खडबडीत जागी मात्र वाढवावाच लागतो, नाहीतर चाक हवेत.

कोन

कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाकाचा कल, पुढं उणे दीड ते दोन अंश; उणे म्हणजे वरची कड आत. वळणात गाडी झुकते, बाहेरचं चाक बाहेर कलतं; आधीच आत कललेलं असेल तर तेव्हा सपाट बसतं. टीटी-०२ च्या डब्यातला वरचा आर्म ठरावीक लांबीचा असतो, कॅम्बर फिरवायला टर्नबकलवाला, म्हणजे फिरवून लांबी बदलता येणारा, आर्म वेगळा घ्यावा लागतो. कॅम्बर बरोबर आहे का ते गेजपेक्षा टायर चांगलं सांगतो. नवा टायर घालून दोन बॅटऱ्या पळवा. आतली कड झिजून टायर गाजरासारखा निमुळता झाला तर कॅम्बर जास्त आहे. सपाट झिजला तर हात लावू नका.

टो, म्हणजे वरून बघताना चाकांची तोंडं आत किंवा बाहेर असणं, शून्य किंवा एक अंश बाहेर. टो-आउट दिला की गाडी वळणात पटकन शिरते, टो-इन दिला की सरळ रेषेत शांत राहते. गेज नसेल तर साधं गणित: टायरचा व्यास साधारण ६३ मिलिमीटर, त्यामुळं एका चाकाला एक अंश म्हणजे पुढच्या आणि मागच्या कडेत १.१ मिलिमीटरचा फरक. दोन्ही चाकं मिळून २.२. व्हर्नियरनं मोजता येतं. टो लावण्याआधी रिमोटचा ट्रिम, म्हणजे स्टिअरिंगची मधली जागा सरकवणारं बटण, शून्यावर आणा आणि दोन्हीकडं चाकं सारखी वळतात का बघा. हे न करता टो लावणारे बरेच बघितलेत.

कॅस्टर, म्हणजे बाजूनं बघताना चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागं कल, चार ते सहा अंश. जास्त कॅस्टर म्हणजे सरळ रेषेत स्थिर, कमी म्हणजे वळणाच्या तोंडाशी चपळ. नवख्यानं सहा ठेवावा. रोल सेंटरच्या (गाडी वळणात ज्या बिंदूभोवती झुकते त्याच्या) शिमांना तर वर्षभर हात लावू नका. सलग दहा फेऱ्या एकसारख्या वेळेत निघत नाहीत तोवर त्यांचा फरक तुम्हाला कळणारच नाही, मलाही दोन वर्षं कळला नाही.

स्प्रिंग आणि तेल

डब्यात येणारे घर्षणावर चालणारे शॉकअप पहिल्या पगारात बदला आणि तेलाचे घ्या. पुढची स्प्रिंग मऊ केली की पुढची ग्रिप वाढते, पण गाडी जरा सुस्त प्रतिसाद देते. कडक केली की प्रतिसाद झटपट, ग्रिप कमी. पुढचा अँटीरोल बार, म्हणजे गाडीचं झुकणं रोखणारी सळी, जाड केला तरी ग्रिप कमीच होते.

तेल घेताना बाटलीवरचं दाटपणाचं एकक बघा. काही कंपन्या वेट लिहितात, काही सीएसटी. वेटचा आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून सीएसटी बघून घ्या. थंडीत ३५०, उन्हाळ्यात ४५०, कारण तेल तापून पातळ होतं. भरल्यावर दांडा हळूहळू वर-खाली करून बुडबुडे निघेपर्यंत थांबा. मग डावा-उजवा दोन्ही दाबून शेजारी धरा; दोन्ही सारखेच परत आले पाहिजेत. एक मागं राहिला तर परत उघडा.

एका वेळी एकच बदल, पाच मिनिटं पळवायचं, वहीत लिहायचं. आमची वही दोनशे पानी आहे, चहाच्या डागांसकट. रकाने असे: तारीख, रस्त्याचं तापमान, टायरचा आकडा आणि किती बॅटऱ्या झाल्या, मग बदल, मग भाचा काय म्हणाला. त्या मार्चच्या रविवारी मी एकोणीस ओळी लिहिल्या होत्या. विसाव्या ओळीत भाच्याच्या अक्षरात आहे, "उजवा पुढचा टायर सुटलेला. मामानं बघितलं नाही."

पावसाळ्यात आमचं बंद असतं. टायर पुसून, औषध न लावता, हवाबंद पिशवीत, अंधारात. पिशवीवर आकडा आणि तारीख लिहा. दसऱ्याला उघडाल तेव्हा ३२ कुठला आणि ३६ कुठला ते नुसतं बघून ओळखता येत नाही.