सॉल्ट ॲनालिसिस करताना या चुका टाळा

सॉल्ट ॲनालिसिस म्हणजे दिलेल्या क्षारात कोणते धन आणि ऋण आयन आहेत ते ओळखणं. बारावीच्या प्रॅक्टिकलला एका बॅचमध्ये चौघांना चार वेगवेगळी सॉल्ट दिली होती. चौघांनीही ऋण आयन म्हणून क्लोराइड लिहिला. एकाकडे तर निळंशार कॉपर सल्फेट होतं. पण सिल्व्हर नायट्रेट टाकलं की प्रत्येकाच्या नळीत पांढरं येत होतं. मुलं खोटं लिहीत नव्हती. मी त्यांची वॉश बॉटल उचलली, कोऱ्या नळीत तेवढंच पाणी घेतलं आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब सोडले. पाणी दुधट झालं. बाटली बेसिनच्या नळावर भरलेली होती.

सॉल्ट चुकण्याचं मला सगळ्यात जास्त दिसलेलं कारण हेच आहे. नळीत सापडलेला आयन सॉल्टमधला नसतो, आपणच टाकलेला असतो. म्हणून प्रत्येक थेंबाआधी विचारायचं: या बाटलीतून कोणते आयन आत चाललेत?

क्लोराइडच्या टेस्टला विरल नायट्रिक आम्लच हवं. हायड्रोक्लोरिक टाकलंत, तर क्लोराइड तुम्हीच घातला. सल्फेटला बेरियम क्लोराइड वापरतो, तिथे विरल हायड्रोक्लोरिक चालतं. सल्फ्युरिक टाकलं तर कोणत्याही सॉल्टमध्ये सल्फेट ‘सापडेल’. सोडियम कार्बोनेट एक्स्ट्रॅक्ट (सॉल्ट सोडियम कार्बोनेटबरोबर उकळून गाळलेलं द्रावण) वापरत असाल तर बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत आम्ल टाका. कार्बोनेट उरलं तर तेही सिल्व्हर आणि बेरियमबरोबर साका (द्रावणातून वेगळा होणारा न विरघळणारा घन) देतं. क्लोराइडचा खरा साका दह्याच्या गुठळ्यांसारखा असतो आणि अमोनियात विरघळतो. हे पाहिल्याशिवाय जर्नलमध्ये लिहू नका.

अमोनियमचंही तसंच. धन आयन ओळखताना ते ठरावीक क्रमाने गटागटाने साका करून वेगळे काढतात; त्यातल्या तिसऱ्या गटात आपण अमोनियम क्लोराइड आणि अमोनियम हायड्रॉक्साइड ओततो. त्यानंतरच्या द्रावणात अमोनियम शोधण्यात काही अर्थच उरत नाही. ही टेस्ट सगळ्यात आधी, मूळ सॉल्टवर, सोडियम हायड्रॉक्साइड घालून गरम करून घ्यायची.

तिसऱ्या गटाशी जरा थांबू या, कारण इथे घाईत टाकायचं राहून जातं. अमोनियम क्लोराइड विसरलात तर अमोनियम हायड्रॉक्साइडमधून हायड्रॉक्साइड आयन जास्त सुटतात आणि मॅग्नेशियमही पांढरा साका होऊन खाली बसतं. मुलं ॲल्युमिनियम लिहून मोकळी होतात. पडताळा सोपा आहे: थोडा साका घेऊन त्यात सोडियम हायड्रॉक्साइड जास्त टाका. ॲल्युमिनियमचा विरघळतो, मॅग्नेशियमचा तसाच राहतो. त्याआधी दुसऱ्या गटातला हायड्रोजन सल्फाइड उकळून पूर्ण घालवा, नाहीतर चौथ्या गटातले सल्फाइड इथेच उतरतात. मग संहत नायट्रिकचे काही थेंब टाकून पुन्हा उकळा. फेरस लोह फेरिक झालं तरच ते तिसऱ्या गटात पूर्ण पकडलं जातं.

ज्योत परीक्षेत (तारेवर सॉल्ट घेऊन ज्योतीचा रंग पाहताना) तार बोटांनी धरली की घामातलं सोडियम पिवळी ज्योत देतं. तार संहत हायड्रोक्लोरिकमध्ये बुडवून, ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत तापवा. पोटॅशियमची जांभळट ज्योत कोबाल्टच्या निळ्या काचेतून पाहा. कार्बोनेटच्या टेस्टमध्ये चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड वायू फार वेळ सोडला तर आलेला दुधटपणा पुन्हा जातो, तेव्हा पहिल्या क्षणापासून नजर नळीवर हवी. नायट्रेटसाठीच्या तपकिरी कड्याच्या टेस्टला फेरस सल्फेट त्याच दिवशी केलेलं घ्या, आणि संहत सल्फ्युरिक सोडताना नळी हलवू नका.

शिसं मात्र असूनही हातातून निसटतं. लेड क्लोराइड गरम पाण्यात विरघळतं, त्यामुळे द्रावण गरम असताना पहिल्या गटात काहीच दिसत नाही. पुढे दुसऱ्या गटात काळा साका येतो आणि वहीत कॉपर लिहिलं जातं. पण मूळ द्रावण रंगहीन असेल आणि अमोनियाने गडद निळं होत नसेल, तर कॉपर कुठून येणार? मूळ द्रावण थंड करा, पोटॅशियम आयोडाइडचे थोडेच थेंब टाका. पिवळाधमक साका येईल. पाणी घालून उकळा, तो विरघळेल. मग नळी स्टँडमध्ये ठेवून हळूहळू निवू द्या. सोनेरी पातळ पत्र्यांचा पाऊस पडल्यासारखे स्फटिक चमकत खाली उतरतात. ते दिसले की शिसंच आहे, बेलाशक लिहा.