घडीच्या चाकूचे पाते का गंजते? फिनिश निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात खिशातला घडीचा चाकू दिवसभर कामात असतो. पोटॅशच्या गोणीची शिवण उसवायची, ठिबकची नळी कापायची, सुतळी तोडायची आणि दुपारच्या जेवणाला कांदा-लिंबूही त्यानेच चिरायचे. अशा वापरात ‘स्टेनलेस म्हणून घेतला आणि पहिल्याच पावसाळ्यात गंजला’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. दोष पोलादाला दिला जातो, पण त्याआधी पात्याचा पृष्ठभाग कसा तयार केला आहे, म्हणजेच त्याचे फिनिश, तपासायला हवे.

पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असेल, तर त्यावर क्रोमियम ऑक्साईडचा डोळ्यांना न दिसणारा थर तयार होतो आणि तो खरवडला गेला तरी हवेतील ऑक्सिजनने पुन्हा सांधला जातो. मात्र क्लोराईड हा थर जागोजागी फोडते आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे काळे खड्डे पडू लागतात. घाम क्लोराईडयुक्त असतोच. शिवाय म्युरेट ऑफ पोटॅश हे खत मुळात पोटॅशियम क्लोराईडच आहे. गोण फोडून चाकू न पुसता घामट खिशात टाकणे ही आपल्या भागातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

खरेदीच्या वेळी होणारी मोठी चूक म्हणजे राखाडी, मंद, चमक नसलेल्या पात्याला भुलणे. असे पाते बहुधा बारीक काचमण्यांचा किंवा वाळूसारख्या कणांचा मारा करून तयार केलेले असते. या माऱ्याने पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खळगे पडतात, प्रत्यक्ष क्षेत्रफळ वाढते, पुसल्यावरही ओल आणि मीठ त्या खळग्यांत राहते, आणि त्यामुळे तेच पोलाद गुळगुळीत पात्याच्या तुलनेत लवकर गंजते. आरशासारखे पॉलिश केलेले पाते गंजाला सर्वाधिक टिकते, पण त्यावर ओरखडे लगेच दिसतात. बारीक, एकाच दिशेच्या रेषा असलेले सॅटिन फिनिश शेतीच्या वापरासाठी मला सर्वांत समतोल वाटते. दगडी किंवा सिरॅमिक खड्यांसोबत पिंपात फिरवून केलेले स्टोनवॉश ओरखडे झाकते आणि माऱ्याच्या फिनिशपेक्षा सहसा बरे ठरते.

काळ्या पात्याबद्दल गैरसमज अधिक आहेत. डीएलसी (हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचा थर) किंवा पीव्हीडी (निर्वातात वाफेच्या रूपाने बसवलेला थर) असा कठीण लेप आणि साधे ब्लॅक ऑक्साईड (रसायनाने पोलादावरच तयार केलेला काळा थर) दिसायला सारखे असले, तरी ब्लॅक ऑक्साईडचा थर पातळ व सच्छिद्र असतो आणि तेलाचा हात दिल्याशिवाय त्याचा फारसा उपयोग होत नाही. लेप कोणताही असो, धार लावलेल्या कडेवर तो उरत नाही. म्हणून काळ्या चाकूची धार उजेडात धरून तपासावी. गंजाची पहिली तपकिरी रेघ तिथेच दिसते.

चाकूंसाठी वापरल्या जाणाऱ्या डी२ या पोलादाचा उल्लेख करायलाच हवा. त्यात सुमारे १२ टक्के क्रोमियम असते, पण कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास असल्याने बरेचसे क्रोमियम कार्बाईडमध्ये, म्हणजे कार्बनसोबतच्या कठीण संयुगात, अडकते आणि संरक्षक थरासाठी कमी उरते. अशा पोलादावर माऱ्याचे खरखरीत फिनिश असेल, तर तो चाकू पावसाळ्यात शेतावर नेऊ नये.

साध्या कार्बन पोलादाच्या पात्यावर कांदा, लिंबू किंवा केळीच्या चिकाने येणारी निळसर-करडी छटा गंज समजून घासून काढू नये, कारण ती स्थिर असते आणि तांबड्या गंजाचा वेग काही अंशी कमी करते. बोटाला तांबूस भुकटी लागली, तर मात्र तो गंजच. तरीही चीक ओला असतानाच धुवावा; वाळलेल्या चिकाखाली धूळ आणि ओल दडून राहते.

गंज दिसताच लोखंडी तारेची घासणी हाती घेणे सर्वस्वी चुकीचे आहे. तिचे खोल ओरखडे ओल धरतात आणि तिचे लोखंडी कण पात्यात रुतून स्वतःच गंजू लागतात. वरवरचा गंज तेल लावून १००० किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपरने, मूळ रेषांच्या दिशेने हलकेच काढावा. लेप असलेल्या पात्यावर पेपर वापरू नये. तिथे खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट मऊ कापडाने चोळणे पुरेसे असते. माऱ्याच्या फिनिशचे पाते वारंवार गंजत असेल, तर ६००, १००० आणि २००० क्रमांकाच्या पेपरने ते क्रमाने गुळगुळीत करून घ्यावे. मूळ रूप जाईल, पण गंजाची तक्रार कमी होईल. खड्डे खोल गेले असतील, तर धातू उतरवल्याशिवाय ते निघत नाहीत, आणि ते धारेपर्यंत पोहोचले असतील तर चाकू बदललेलाच बरा.

धुतल्यावर चाकू उघडा ठेवून वाळवावा, कारण बिजागरीच्या खिळीत आणि मुठीच्या आतील पट्ट्यांत पाणी सर्वांत उशिरा सुकते. त्यानंतर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा पातळ हात पात्यावर फिरवावा आणि एक थेंब खिळीत सोडावा. सोयाबीन तेल कालांतराने चिकट होते, म्हणून ते टाळावे. पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ ठेवू नये, कारण चामडे ओल शोषून ती पात्याला लागूनच धरून ठेवते.