कुत्रा आणि घोडा यांची मैत्री जमवताना या चुका टाळा

घोड्याच्या पायांशी निवांत झोपलेला कुत्रा पाहिला की आपल्या तबेल्यातही असं दृश्य असावं असं कुणालाही वाटतं. ते शक्य आहे. डाल्मेशियन कुत्रे पूर्वी घोडागाडीच्या बाजूने, कधी थेट आसाखालून, मैलोन्‌मैल धावायचे आणि रात्री घोड्यांपाशीच झोपायचे. पण त्यांना लहानपणापासून घोड्यांत वाढवलेलं असे. आपण मात्र हे नातं एका संध्याकाळी जुळवायला बघतो. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे आणि कुत्रा पाठलाग करणाऱ्यांच्या कुळातला. मनात आलं तर इथून निघून जाता येईल, अशी घोड्याला खात्री असते तेव्हाच ही मैत्री जमते. पुढच्या बहुतेक चुका ही खात्री मोडल्यामुळे होतात.

घोडा बांधून ओळख करून देणे

घोडा बांधलेला असला की आपल्याला सुरक्षित वाटतं. त्याच्या बाजूने पाहा: पळायची वाट बंद, मग उरतं काय? दोरीला हिसडे देणं किंवा दुगाण्या झाडणं. त्यात त्याच्या नजरेचा प्रश्न असतो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला सभोवतालचं जवळजवळ ३५० अंशांपर्यंत दिसतं. दिसत नाही ती शेपटीमागची पट्टी आणि कपाळासमोरची थोडी जागा. कुत्र्याची रीत अशी की अनोळखी जनावराचा वास घ्यायला तो मागूनच जातो. म्हणजे नेमका घोड्याच्या आंधळ्या जागेत, लाथेच्या टप्प्यात.

म्हणून पहिली भेट कुंपणाआडून व्हावी. घोडा आवारात मोकळा, कुत्रा पट्ट्यावर, आणि दोघांजवळ एकेक माणूस. कुंपणाखालून कुत्रा घुसू शकेल अशी फट आधीच बंद करा. अंतर किती ठेवायचं याचा सोपा निकष आहे: हाक मारल्यावर कुत्रा घोड्यावरची नजर काढून तुमच्याकडे बघतो का? बघत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. पाच-दहा मिनिटं पुरे. पुढे यायचं की नाही हे घोड्याला ठरवू द्या. तो मान खाली घेऊन, नाकपुड्या फुलवून वास घ्यायला आला आणि मग पुन्हा चरायला लागला, तर त्या दिवशी तिथेच थांबा. सगळं छान चाललंय म्हणून पट्टा सोडण्याचा मोह मला फार धोक्याचा वाटतो.

पाठलागाला खेळ समजणे

खरा खेळ असतोच. इटलीतल्या पिसा विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्रे आणि घोडे एकत्र खेळतानाचे व्हिडिओ तपासून २०२० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. तोंड सैल उघडं ठेवण्याचा खेळकर हावभाव दोन्ही प्राणी करतात आणि एकाने केला की दुसरा क्षणात तसाच करतो, असं त्यांना आढळलं. मला हा शोध फार हृद्य वाटतो. इतकी वेगळी शरीरं, तरी खेळाची खूण एकच.

पण धावपळ म्हणजे खेळ नव्हे. खेळात पाळी बदलते. कधी हा मागे, कधी तो. कुत्रा पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करतो, मध्येच थांबतो, बाजूला वळतो. पाठलागात त्याचं अंग जमिनीलगत येतं, नजर खिळते, तोंड मिटतं. घोड्याचे कान मानेला चिकटले, शेपूट जोरात फटकू लागली, त्याने पुठ्ठा कुत्र्याकडे फिरवला, तर पुढची पायरी लाथ आहे. (मागचा एक पाय सैल दुमडून, खालचा ओठ लोंबता ठेवून उभा असलेला घोडा मात्र विश्रांती घेत असतो. त्याला त्रास देऊ नका.) बॉर्डर कोलीसारख्या, गुरं-मेंढ्या हाकणाऱ्या जातींमध्ये जनावरावर नजर रोखून, दबा धरत त्याला हाकणं पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेलं आहे. त्यांच्याकडे अधिक लक्ष हवं.

सवय लागलीच असेल तर ओरडत कुत्र्यामागे धावू नका. त्याला वाटतं तुम्हीही शिकारीत सामील झालात. लांब दोर लावा, अंतर वाढवा आणि तो घोड्यावरून नजर काढेल त्या प्रत्येक वेळी खाऊ द्या. याला आठवडे लागतात. ‘एक लाथ बसली की शिकेल’ हा सल्ला कृपया ऐकू नका. घोड्याच्या एका लाथेने कुत्र्याचा जबडा किंवा कवटी फुटते. आणि काही कुत्रे कधीच बदलत नाहीत. त्यांच्यासाठी कायमचं कुंपण हाच प्रेमळ उपाय.

जंताच्या औषधाकडे दुर्लक्ष

ही चूक सर्वांत कमी बोलली जाते, म्हणून इथे थांबतो. घोड्यांच्या जंतांवर आयव्हरमेक्टिनची पेस्ट देतात. घोड्याचा डोस किलोमागे २०० मायक्रोग्रॅम. कुत्र्याला हृदयातले जंत होऊ नयेत म्हणून हेच औषध किलोमागे सुमारे ६ मायक्रोग्रॅम देतात. मोठ्या घोड्यासाठीच्या एका नळीत १०० मिलिग्रॅमहून जास्त औषध असतं, म्हणजे २० किलोच्या कुत्र्याच्या डोसाच्या शेकडो पट. घोडा थोडी पेस्ट थुंकतो, ती जमिनीवर पडते, कुत्रा चाटतो. औषध लिदेतूनही बाहेर पडतं आणि कुत्र्यांना लीद आवडते. कोली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींतल्या अनेक कुत्र्यांच्या एमडीआर१ जनुकात दोष असतो. त्यांच्या मेंदूत हे औषध सहज शिरतं.

औषध घोड्याने गिळेपर्यंत कुत्रा बांधून ठेवा, सांडलेलं पुसा, पुढचे काही दिवस लीद लगेच उचला. कुत्रा झोकांड्या खाऊ लागला, लाळ गळू लागली, बाहुल्या मोठ्या झाल्या, अंग थरथरलं तर रिकामी नळी घेऊन ताबडतोब पशुवैद्याकडे जा. याला खास उतारा नाही, उपचार लवकर सुरू होणं हाच आधार. घोड्याच्या वेदनाशामकांचंही तसंच: चंदीत मिसळलेलं औषध बादलीच्या तळाशी राहतं आणि कुत्रा ती बादली चाटून पुसून साफ करतो.

बाकीच्या लहान-मोठ्या गोष्टी

नालबंदाने कापलेल्या खुरांच्या चकत्या कुत्रे आनंदाने चघळतात. मोठा तुकडा आतड्यात अडकू शकतो आणि त्यात नालेचा खिळा राहिलेला असू शकतो, म्हणून काम संपताच झाडून घ्या. चंदीच्या वेळी दोघांना वेगळं ठेवा. रेबीजची लस दोघांनाही हवी. घोड्यावर बसून कुत्र्याला नेताना दोर हाताला गुंडाळू नका, खोगिरालाही बांधू नका; घोड्याच्या पायांत अडकला तर तिघेही पडता. घोड्याला घाम येतो, कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो, त्यामुळे उन्हात तो आधी कोसळतो. हाडांची वाढ पूर्ण न झालेल्या पिल्लाला दुडक्या चालीमागे पळवत नेऊ नका.

जुनी मैत्री गृहीत धरणे

दहा वर्षं एकत्र राहिलेल्या जोडीकडे आपण पाहणं सोडून देतो. तोवर कुत्र्याला कमी ऐकू येऊ लागलेलं असतं आणि टापा जवळ आल्या तरी तो उठत नाही. घोड्याचा एक डोळा अधू झाला असेल तर ओळखीचा कुत्राही त्या बाजूने आल्यावर तो दचकतो. कुत्र्याचं अंथरूण ठाणाच्या दाराबाहेर, घोड्याच्या चांगल्या डोळ्याकडच्या बाजूला हलवा. वास येईल इतकं जवळ, खूर पडणार नाही इतकं दूर.